बाहेरून बघ

फाटकाची कडी वाजली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. समोरच्या घरातली मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची. फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून, एक पाय खालच्या आडव्या पट्टीवर ठेवून उभी. "काकू, तुमच्या माळेतले पन्नास दिवे बंद आहेत," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो का? बघते हं." एवढ्यावर ती जाईल असं मला वाटलं, पण ती हलली नाही. "चार दिवस झाले. एकशे पन्नास लागतात, पन्नास नाही लागत. मी रोज मोजते." माझ्या हातात ओलं फडकं होतं, आत गॅसवर काहीतरी होतं, आणि खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. माझी माळ, माझं घर, आणि हिशेब ही ठेवणार. "बघते म्हटलं ना," असं जरा तुटक बोलून मी आत आले. ती गेल्याचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने फाटकाची पट्टी कुरकुरली.

त्या रात्री झोप लागेना. राग कधीच निवळला होता, पण चार दिवस ही गोष्ट डोक्यातून जाईना. चार दिवस माझ्या घराच्या कपाळावर एक काळा पट्टा होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. रोज संध्याकाळी टायमरची टकटक ऐकू यायची, पडद्याच्या कडेने पिवळसर उजेड खोलीत झिरपायचा, आणि मी समजायचे की माळ लागली. गच्चीच्या कठड्यावरचा कोपऱ्यातला तुकडा घरातून दिसतच नाही. तो बघायचा तर फाटक उघडून रस्ता ओलांडायला हवा, आणि लावल्या दिवसापासून मी तो एकदाही ओलांडला नव्हता.

बाहेर लावलेल्या दिव्यांचं हे असंच असतं. ज्याने लावले त्याच्या वाट्याला त्यांची पाठ येते. आतून दिसतात त्या वायरी, केबल टायची कापायची राहिलेली शेपटं, जॉइंटवर गुंडाळलेली काळी टेप, काचेवर उमटलेली वायरीची सावली. तोंड सगळं रस्त्याकडे. आपण विकत आणायचे, शिडीवर चढायचं, बोटं सोलपटून घ्यायची, वीज आपली जाळायची. आणि बघणार कोण, तर येणारेजाणारे. लहानपणी मला यात काही वेगळं वाटलं नाही, कारण तेव्हा मी शिडीवर नव्हते. मी रस्त्यावर होते.

ते माझं ठरलेलं काम होतं. बाबा शिडीवर चढले की म्हणायचे, "जा, बाहेरून बघ." मी चपला न घालताच पळायची आणि पलीकडच्या कुंपणाला पाठ टेकवून उभी राहायची. वायर दातांत धरून बाबा एक-एक हुक पुढे सरकायचे आणि तोंडात वायर असल्यामुळे नुसतंच "हं?" करायचे. मी ओरडायची, "डावीकडे जास्त झोळ आलाय! अजून वर! थांबा, आता उजवीकडचं खाली गेलं!" घरात माझं कोणी फारसं ऐकायचं नाही, मी सगळ्यात धाकटी, पण त्या अर्ध्या तासात बाबा माझ्या शब्दावर वर-खाली व्हायचे. मी 'बास' म्हटलं की तिथेच गाठ. पायाखालचा रस्ता दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट असायचा. कुंपणाच्या दगडाला ओलसर वास असायचा. मग बाबा उतरायचे, हात झटकायचे, रस्ता ओलांडून माझ्याशेजारी येऊन उभे राहायचे आणि घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणायचे, "लाव!"

आणि माळ लागायची.

त्याआधीचा अख्खा दिवस मात्र जमिनीवर जायचा. माळ्यावरून खोका उतरला की पहिला वास यायचा तो जुन्या पुठ्ठ्याचा, आणि दिवे पहिल्यांदा तापले की त्यांच्यावरची धूळ जळल्याचा. बाबा खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माळ पसरायचे आणि आम्हाला दम असायचा की तिच्यावरून उडी मारायची नाही. पिन लावली आणि माळ लागली, असं क्वचितच झालं. जुन्या माळेत दिवे एकापुढे एक, एकाच वाटेवर बसवलेले असायचे. तो प्रत्येक दिवा जेमतेम अडीच व्होल्टचा. म्हणून १२० व्होल्टच्या विजेवर पन्नास आणि २३० व्होल्टच्या विजेवर शंभरेक दिवे एका साखळीत ओवायचे, म्हणजे घरातल्या विजेचा दाब सगळ्यांत सारखा वाटला जातो. हिशेब सुबक आहे. पण वाट एकच असल्याने एकाने मान टाकली की सगळी माळ अंधारात.

मग शोध सुरू. बाबा हातात एक खात्रीचा चांगला दिवा घ्यायचे आणि पहिल्यापासून एक-एक दिवा उपटून त्याच्या जागी तो लावून बघायचे. सत्तेचाळीसाव्याला एकदम सगळी खोली उजळली की आम्ही ओरडायचो. पण एकाच वेळी दोन दिवे गेले असतील तर ही पद्धत फसते, कारण पहिला मेलेला बदलला तरी दुसरा वाट अडवून बसलेला असतो. असा एक दिवस मला आठवतो. दुपारपासून रात्रीपर्यंत बाबा मांडी घालून बसले होते, पाठ ओली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेवटी त्यांनी टेस्टर घेतला आणि फेजच्या बाजूने एकेका दिव्याच्या तळाशी टेकवत गेले. टेस्टरमधला नारिंगी ठिपका जिथपर्यंत पेटत गेला तिथपर्यंत वीज आलेली. जिथे विझला तिथे तुटलेलं. आई दारात उभी राहून म्हणत होती, "पिन काढा आधी, पिन काढा." ते म्हणाले, "पिन काढली तर कळणार कसं?" बरोबर दोघांचंही होतं. अंधारलेली माळ म्हणजे वीज नसलेली माळ नव्हे. तुटल्या जागेच्या अलीकडे ती पूर्ण दाबाने उभी असते. हे मला पुढे कळलं, आणि त्या दिवशीचा आईचा आवाज तेव्हा नीट ऐकू आला.

नंतरच्या दिव्यांत युक्ती आली. काचेच्या आत, उजळणाऱ्या तारेच्या बुडाशी, दोन पायांना वेढे घातलेली आणखी एक बारीक तार असते आणि तिच्यावर विजेला अडवणारा ऑक्साइडचा पातळ थर. दिवा धड असेपर्यंत ती नुसती बसून असते. वरची तार तुटली की सगळा दाब त्या एकट्या दिव्यावर येतो, थर फुटतो आणि वीज त्या वेढ्यांतून पुढे निघून जाते. एक दिवा विझतो, बाकीचे चालू राहतात. फक्त गेलेल्याचा वाटा आता उरलेल्यांवर येतो, ते किंचित जास्त तेजाने जळतात, आणि त्यामुळे लवकर जातात. म्हणून दिवा गेला की तो लगेच बदलायचा. 'चाललंय ना' म्हणून सोडला की पुढच्या वर्षी दहा गेलेले असतात. भिंगातून ते वेढे दिसतात. मी एक जुना दिवा अजून ठेवलाय; उजेडाकडे धरला की केसाएवढ्या जाडीची ती तार दिसते, आणि काचेच्या आत चंदेरी काजळीचा एक डाग.

एक दिवा मात्र बाबा कधी शेजाऱ्याच्याही हाती द्यायचे नाहीत. त्याच्या टोकाला लाल रंग असायचा. त्याच्या आत दोन धातूंची एकत्र चिकटवलेली पट्टी होती. तापली की दोन्ही धातू वेगवेगळे प्रसरण पावायचे, पट्टी वाकायची, जोड सुटायचा आणि सगळी माळ विझायची. गार झाली की परत जोड. अख्ख्या माळेचा श्वास त्या एकट्याच्या हातात. आजच्या माळांना एक डबी असते, बटण दाबलं की आठ तऱ्हांनी लुकलुकतात, सगळ्या मोजूनमापून. लाल टोकाच्या दिव्याचं तसं नव्हतं. गार वाऱ्याच्या रात्री तो वेगळ्या लयीत चालायचा, उकाड्यात वेगळ्या. अंथरुणात पडून मी छताकडे बघत राहायची. उजेड. अंधार. जरा जास्त वेळ अंधार. मग उजेड.

बाबांचे काही नियम होते आणि ते पाळताना त्यांचा चेहरा गंभीर असायचा. वायर कधी खिळ्याने ठोकायची नाही. खिळा आवरणात घुसला की आत काय झालं ते वरून दिसत नाही. भिंतीला हुक असतील तरच माळ, नाहीतर नाही. शिडीचा पाय भिंतीपासून किती दूर, तर उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढा. चार फूट वर जायचं तर एक फूट बाहेर. शिडीवरून हात पोहोचत नसेल तर ताणायचं नाही, उतरून शिडी सरकवायची. माळेला माळ, तिला आणखी एक, असं किती जोडायचं ते खोक्यावर लिहिलेलं असतं तेवढंच, कारण पुढच्या सगळ्यांचं ओझं पहिल्या वायरीला वाहायचं असतं. आणि सगळ्यात आवडता नियम, जो ते दर वर्षी नव्याने सांगायचे: वायर सॉकेटकडे सरळ उतरवायची नाही. आधी सॉकेटच्या खाली एक पोट सोडायचं आणि मग वर घ्यायची. पाऊस आला की थेंब वायरीवरून घरंगळत येतो, त्या पोटाच्या तळाशी थबकतो आणि तिथूनच खाली पडतो. सॉकेटपर्यंत चढून जाणं त्याला जमत नाही. एकदा अवेळी पावसात बाबांनी मला मुद्दाम बाहेर नेऊन ते दाखवलं. वायरीच्या त्या वाकाला एक थेंब लोंबत होता, त्यात सगळी माळ उलटी दिसत होती, लाल-हिरवी. तो जड झाला, सुटला, आणि मागून दुसरा आला.

आई शिडी धरायची. वर बघायची नाही. वर बाबांना बघितलं की तिला गरगरायचं, म्हणून ती शिडीच्या पायांकडे बघत उभी राहायची, दोन्ही पावलं शिडीच्या पावलांना अडवून. माझ्या मनात त्या दिवसांचं जे चित्र आहे त्यात आई नेहमी अशी खाली मान घातलेली आहे.

बाहेरचे दिवे बघणाऱ्यासाठी असतात याला पहिल्यापासूनचाच पुरावा आहे. १८८० च्या डिसेंबरात एडिसनने मेन्लो पार्कच्या आपल्या प्रयोगशाळेभोवती विजेच्या दिव्यांच्या माळा सोडल्या, आणि त्या बघितल्या तिथून जाणाऱ्या आगगाडीतल्या प्रवाशांनी. दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधल्या घरात नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे मिळून ऐंशी दिवे लावले, प्रत्येक अक्रोडाएवढा, सगळ्यांचं वायरिंग हाताने केलेलं, आणि झाड स्वतःभोवती फिरतं ठेवलं. जॉन्सनच्या झाडाचं नवल मोठंच. पण माझं मन पहिल्या गोष्टीकडे जातं. अंधारातून आगगाडी जाते आहे, कोणी कंटाळून काचेला डोकं टेकवलंय, आणि क्षणभर बाहेर दिव्यांची एक रांग येऊन जाते. कशाची, कोणाची, काही माहीत नाही. घरी गेल्यावर सांगायला शब्दही नसतील. आता तर याहून लांबून बघणारेही आहेत. सणाच्या आठवड्यांत शहरं किती जास्त उजळतात हे नासाच्या शास्त्रज्ञांनी सुओमी एनपीपी या उपग्रहावरून मोजलं. २०१४ मध्ये त्यांनी सांगितलं की अमेरिकेतली काही शहरं नाताळाच्या काळात २० ते ५० टक्के जास्त प्रकाशमान दिसतात, आणि मध्यपूर्वेतली काही शहरं रमझानच्या महिन्यात ५० टक्क्यांहूनही जास्त. शिडीवर चढलेल्या प्रत्येकाचे दोन-चार हुक त्या आकड्यात आहेत.

माझी सध्याची माळ एलईडीची आहे. दोनशे दिवे, पन्नास-पन्नासच्या चार साखळ्या. जुन्या बारीक दिव्यांची शंभराची माळ चाळीसेक वॉट खायची, ही पूर्ण दोनशेची त्याच्या चौथ्या हिश्शातही भागते, आणि हात लावला तर गार. वीज वाचते याचा मला खरोखर आनंद आहे. पहिल्या वर्षी मात्र मी चुकीचा पांढरा आणला, निळसर, प्रकाशाच्या रंगछटेच्या मापात ६५०० केल्विनचा. संध्याकाळी बाहेरून घर दवाखान्याच्या जिन्यासारखं दिसलं. आठवडाभर तसंच सहन केलं आणि पुढच्या वर्षी २७०० चा, पिवळट आणला. पांढऱ्या एलईडीच्या आत डोकावून बघितलं तर डिंकाच्या थेंबासारखा एक पिवळा ठिपका दिसतो. खालची चिप निळा प्रकाश देते, तो ठिपका त्यातला काही भाग पिवळा करतो, आणि दोन्ही मिसळून आपल्याला पांढरं दिसतं. लाल एलईडी १९६२ चा, निळ्यासाठी पुढे तीस वर्षं जावी लागली, आणि ज्यांनी तो घडवला त्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. एवढं सगळं त्या मोहरीएवढ्या ठिपक्यामागे.

तरी काहीतरी हरवलंच. स्वस्त माळा विजेच्या प्रत्येक आवर्तनाचा अर्धाच भाग वापरतात. जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथे त्या सेकंदाला पन्नास वेळा विझतात. सरळ बघितलं तर कळत नाही, पण नजर पटकन वळवली की दिव्यांची सलग रेघ न दिसता तुटक ठिपके हवेत सांडतात. जुन्या दिव्याच्या तापलेल्या तारेला तेवढ्यात विझायला वेळच मिळायचा नाही. आणि दुसरं, ज्याचा मला अधिक राग आहे: अनेक नव्या माळांत दिवा निघतच नाही. प्लॅस्टिकमध्ये ओतून कायमचा बसवलेला. एक गेला की ती साखळी फेकायची. मी दुकानात दिवा उपटून बघते आणि मगच घेते. दुकानदार तोंडाकडे बघत राहतात. खोक्यावर आयपी ४४, म्हणजे धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो त्याचा आकडा, आहे का तेही बघते. दुसरा चार म्हणजे सगळ्या बाजूंनी उडालेल्या पाण्याला दाद न देणारी. कठड्यावर जिथे पागोळी थेट पडते तिथे खरं तर आयपी ६५ हवी. त्या कोपऱ्यात मी ४४ वाली लावली होती. हे मला माहीत होतं, आणि तरी लावली होती, कारण तेवढीच उरली होती.

फाटकाजवळ बकुळीचं झाड आहे. बाबा त्याच्या खोडालाही माळ गुंडाळायचे, खालून वर, मनगटाएवढं अंतर सोडून, सैल. सण संपल्यावर दुसऱ्याच दिवशी सोडवायचे. झाड जाड होत असतं, म्हणायचे, त्याला कशात बांधून ठेवायचं नाही. सालीच्या लगेच खाली झाडाचं अन्न वाहणारा थर असतो आणि वायर रुतली तर तिथेच वाट आवळली जाते. ज्या वर्षी ते आजारी पडले त्या वर्षी माळ मी लावली होती, घाईघाईत, दवाखान्याच्या दोन खेपांच्या मधे. सण कधी संपला ते कोणाला कळलं नाही. कठड्यावरची कधीतरी कोणीतरी उतरवली. झाडावरची राहिली. त्यानंतरची दोन-तीन वर्षं आम्ही काहीच लावलं नाही, आणि नंतर लावायला गेले तेव्हा झाडाकडे बघायचं टाळलं. ती वायर हिरवी होती, पानांतली वाटायची. पाचव्या की सहाव्या वर्षी एकदा फाटकाला रंग देताना हात खोडावर टेकला आणि बोटाला काहीतरी टणक लागलं. बाकीचे वेढे उन्हाने कडक होऊन तुटून पडले होते. एक मात्र, सगळ्यात खालचा, मी जास्तच ओढून बांधलेला, झाडात गेला होता. दोन्ही बाजूंनी सालीचे ओठ त्याच्यावर आले होते. दोन दिवे अर्धे बाहेर होते, काच मळकी, आणि बाकी सगळं आत.

मी पक्कड घेऊन बसले. जेवढी मोकळी होती तेवढी कापून काढली. आत गेलेल्याला हात लावला असता तर साल फाटली असती. ती तशीच आहे. झाड जगलं, फुलतंही. त्या जागी खोडाला एक वळ आहे, अंगठी घट्ट झालेल्या बोटासारखा. दोन दिव्यांपैकी एक आता पूर्ण आत गेला, दुसऱ्याचं टोक अजून दिसतं. मला त्याची लाज वाटायची. हल्ली येताजाता मी त्या वळावर बोट फिरवते, आणि त्या वेळी नेमकं काय वाटतं ते मला सांगता येत नाही. त्या वर्षीचं काहीच आम्ही धड ठेवलं नाही, एक हे सोडून.

माळ उतरवणं मला लावण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं ते कदाचित यामुळेच. लावताना सगळे असतात, उतरवताना कोणी नसतं. मी सकाळी उतरवते, वायर थंड असते आणि हाताला ताठ लागते. ती चुरगाळून खोक्यात कोंबली तर पुढच्या वर्षी गाठी सोडवण्यात दुपार जाते आणि गाठींच्या जागी आतली तार तुटते. बाबांनी पुठ्ठ्याचे चौकोन कापून ठेवलेत, दोन्ही कडांना खाचा, त्यांच्यावर माळ गुंडाळायची, आणि शेवटी पिन वर राहील अशी. पुठ्ठ्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: 'कठडा, डावीकडून', 'जिना', 'झाड'. एलईडीच्या माळा त्या मापाच्या नाहीत, तरी मी त्यांच्यावरच गुंडाळते. 'झाड' लिहिलेला पुठ्ठा रिकामा असतो. उतरवल्यानंतरची पहिली रात्र नेहमीपेक्षा काळी वाटते. दुसऱ्या दिवसापासून चांदण्या दिसायला लागतात, आणि तेही मला आवडतं; टायमर अकराला माळ बंद करतो तो त्यांच्यासाठी आणि बकुळीत झोपणाऱ्या पाखरांसाठीच.

तर ती मुलगी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच समोर गेले. दारात तिची आई आली, मग ती. मी म्हटलं, "दुरुस्त करायची आहे, मला बाहेरून बघणारं कोणीतरी हवंय." ती आईच्या तोंडाकडे बघायला थांबलीच नाही.

पिन काढली, गच्चीवर गेले, कोपऱ्यापासून सुरुवात केली. पागोळी पडते त्या जागचा तिसरा दिवा हाताला ओला लागला. उपटला तर आतून गंजाचं तपकिरी पाणी आलं. त्याच्या दोन पायांपैकी एक कुजून तुटला होता, दुसऱ्यावर खरखरीत थर. एवढ्याशा पायावर बाकीचे एकोणपन्नास उभे होते. सॉकेटच्या आत पॉलिश पेपरची गुंडाळी घालून घासलं, फुंकर मारली, पुसलं, आणि खोक्यातल्या छोट्या पुडीतला नवा दिवा बसवला. खाली येऊन पिन लावली. रस्त्याच्या पलीकडून आवाज आला, "नाही लागली!" एलईडीला सुलटं-उलटं असतं; मी उलटा बसवला होता. परत पिन काढली, परत वर, काढून फिरवून खाच जुळवून बसवला, आणि ती वायर हुकावरून एका बाजूला घेतली, पागोळीच्या खालून बाहेर. तेवढ्यात पलीकडून सूचना, "काकू, डावीकडे खाली आलंय!" मी थोडी वर घेतली. "अजून!" अजून घेतली. "बास!"

मग मी जिना उतरले, आत आले आणि स्विचबोर्डासमोर उभी राहिले. ती ओरडली, "लावा!" तेव्हा माझा हात बटणावर होता आणि समोर भिंत होती.

मी बटण दाबलं.

तिथून काहीच दिसत नाही. बोर्ड, त्याच्यावरच्या तेलकट बोटांच्या खुणा, कॅलेंडरची कड. इतकी वर्षं बाबा रस्त्यावर माझ्याशेजारी उभे राहून "लाव" म्हणायचे आणि माळ लागायची. ते कोणाला म्हणायचे हा प्रश्न मला पडला नव्हता. माळ आपोआप तर लागत नव्हती. आई आत असायची. शिडी धरून झाली की ती या जागी येऊन उभी राहायची.

रात्री मी तिला फोन केला. इकडचं-तिकडचं झाल्यावर विचारलं, "आई, माळ लागायची तेव्हा तू बोर्डापाशी असायचीस ना? मग तू बघायचीस कधी?"

"नंतर," ती म्हणाली. "तुम्ही दोघं आत येऊन हात धुवायला गेलात की मी फाटकापर्यंत जाऊन यायचे. रस्त्याच्या पलीकडे नाही, तेवढा वेळ नसायचा. फाटकापाशी उभी राहायचे जरा."

"काही बोलली नाहीस कधी."

"काय बोलायचं त्यात? छान दिसायची."

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी, बटण दाबल्यावर, बाहेरून 'लागली' असा आवाज येईल म्हणून मी वाट बघत होते. तो आला नाही. आला तो आकड्यांचा आवाज. ती मोजत होती, मोठ्याने, एक-एक दिव्याला बोट लावत असावी अशा लयीत. एकवीस, बावीस, तेवीस. मी पदराला हात पुसले. पन्नास झाले, शंभर झाले. कोपऱ्यापाशी आल्यावर तिचा आवाज हळू झाला, एकशे तीस, एकशे एकतीस. मी बोर्डापासून हलले नाही. मग रस्त्यावरून एक गाडी गेली, मोठी, बराच वेळ लागला तिला जायला, आणि आवाज थांबला. सगळं शांत. मला वाटलं, गेली घरी.

"एक," ती म्हणाली. "दोन."